शीत रेणूंच्या टकरी : आंतरतारकीय अवकाशाची प्रयोगशाळेतील मोजणी

तार्‍यांच्या दरम्यानचे अवकाश रिकामे नसते. त्यात वायू आणि धूळ यांचे विरळ मेघ पसरलेले असतात. त्यांपैकी सर्वांत थंड मेघांचे तापमान सुमारे १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस असते. अशा थंडीत अणू, रेणू आणि आयन यांचे एकमेकांशी जे आघात होतात, त्यांना शीत टकरी म्हणतात. या टकरींतून पाणी, अमोनिया आणि अल्कोहोल यांसारखे रेणू घडतात. टकरींमुळेच मेघ प्रकाश बाहेर टाकतो, त्यामुळे तो आणखी थंड होतो आणि अखेर स्वतःच्या भाराने आकसून त्यातून तारे व ग्रह जन्मतात.

दुर्बिणीला मेघ दिसतो, त्यातली टक्कर दिसत नाही. टकरीचा हिशेब पृथ्वीवरच करावा लागतो, कधी उपकरणाने, कधी गणिताने. तो हिशेब चुकला तर आकाशातून आलेला संदेश अचूक नोंदवूनही त्याचा अर्थ चुकीचा लागतो. हैदराबाद शहरात या विषयाची तीन अंगे एकत्र आढळतात : आकाशाचे निरीक्षण करणारे बलून, टकरींचे गणित मांडणारे विद्यापीठ आणि रेणूंचे झोत सोडणारी प्रयोगशाळा.

विरळ, तरीही निर्णायक

आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे २५ अब्ज अब्ज रेणू असतात आणि त्यांतील प्रत्येक रेणू सेकंदाला काही अब्ज वेळा इतरांवर आदळतो. आंतरतारकीय मेघाच्या दाट मानल्या जाणार्‍या भागात तेवढ्याच जागेत साधारण १० हजार रेणू असतात. तेथे हायड्रोजनच्या एका रेणूला दुसरा भेटायला सुमारे आठवडा लागतो. मात्र मेघाचे आयुष्य लाखो वर्षांचे असते आणि एवढ्या काळात आठवड्याला एक टक्करही पुष्कळ होते.

१९३७ ते १९४१ या काळात तार्‍यांच्या वर्णपटातील बारीक काळ्या रेषांवरून अवकाशातील पहिले रेणू ओळखले गेले. १९६३ मध्ये रेडिओ लहरींवर हायड्रॉक्सिल सापडले. त्यानंतर १९६८ ते १९७० या अवघ्या तीन वर्षांत अमोनिया, पाणी, फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांची नोंद झाली. आज ज्ञात आंतरतारकीय रेणूंची संख्या तीनशेहून अधिक आहे. एवढ्या थंड आणि विरळ जागी इतके रसायनशास्त्र घडते कसे, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राचा कणा झाला आहे.

प्रकाशरेषा आणि टकरींचा हिशेब

रेणूला धक्का बसला की तो वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि खाली येताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. खाली यायला त्याला जेवढा वेळ लागतो, त्याहून आधी दुसरी टक्कर झाली तर ती ऊर्जा प्रकाशाविनाच निघून जाऊ शकते. म्हणजे रेषेची तीव्रता ही प्रकाश आणि टक्कर यांच्या शर्यतीवर ठरते. या शर्यतीतील टकरीची गती माहीत असेल, तरच रेषेवरून मेघाची घनता आणि तापमान काढता येते. ही गती दाखवणार्‍या संख्येला वेगगुणांक म्हणतात. वेगगुणांक तापमानानुसार बदलतो, आणि सारी अडचण तेथेच सुरू होते.

टकरींचा परिणाम किती विलक्षण असू शकतो, हे फॉर्माल्डिहाइडने दाखवले. सगळे विश्व सुमारे २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीने व्यापलेले आहे. त्याहून थंड काही असू नये, अशी आपली सहज अपेक्षा असते. तरीही १९६९ मध्ये काही काळ्या मेघांतील फॉर्माल्डिहाइड सहा सेंटिमीटर तरंगलांबीवर ही पार्श्वभूमीच शोषून घेताना आढळले. त्याचे कारण टकरींत होते. हायड्रोजनशी होणारे आघात या रेणूला असमानपणे वर ढकलतात आणि ठरावीक दोन पातळ्यांपैकी खालच्या पातळीवर अधिक रेणू जमा होतात. त्या जोडीपुरता रेणू पार्श्वभूमीहून ‘थंड’ होतो. टक्कर येथे शीतकपाटाचे काम करते. पुढे १९७०च्या दशकातील पुंजयामिकीच्या गणिताने या स्पष्टीकरणाला आधार दिला.

उलट उदाहरण सायनाइड मूलकाचे आहे. विरळ मेघांत त्याच्या टकरी इतक्या थोड्या होतात की त्याचे परिवलन केवळ पार्श्वभूमीच्या प्रारणाने ठरते. १९४१ मध्ये कॅनडातील अँड्र्यू मॅकेलर यांनी त्यावरून सुमारे २.३ केल्विन तापमान काढले होते. विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचा शोध १९६५ मध्ये जाहीर झाला, पण त्याची खूण चोवीस वर्षे आधीच एका रेणूत नोंदली गेली होती. टकरींचा अभावही किती बोलका असतो, याचा हा दाखला आहे.

हैदराबादचे बलून

कार्बनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन निघाला की उरणारा आयन १५८ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त रेषा देतो. आकाशगंगेतील वायूला थंड करणारी ही एक प्रमुख रेषा आहे. तिचे मूळही टकरीत आहे. हायड्रोजनचे अणू, हायड्रोजनचे रेणू किंवा इलेक्ट्रॉन यांपैकी एखादा कार्बन आयनावर आदळतो आणि त्याला वर ढकलतो. खाली उतरून प्रकाश सोडायला आयनाला सरासरी पाच दिवस लागतात. त्याला वर चढवायला लागणारी ऊर्जा सुमारे ९१ केल्विन तापमानाशी जुळते. म्हणून १० केल्विनच्या मेघात ही रेषा जवळपास विझते, तर नवजात तार्‍यांच्या प्रकाशाने तापलेल्या मेघाच्या कडांवर ती झळकते.

हा प्रकाश जमिनीवर पोहोचत नाही, कारण हवेतील बाष्प तो वाटेतच शोषून घेते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील राष्ट्रीय बलून केंद्र या कामी उपयोगी पडले. ईसीआयएल परिसरातील या केंद्रातून सोडलेल्या महाकाय बलूनांनी १०० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण ३० किलोमीटरच्या आसपास उंचीवर नेली. तेथे वातावरणाचा बहुतेक भाग खाली राहतो. १९९९ पासून या दुर्बिणीला जपानच्या अवकाश व अंतरिक्ष विज्ञान संस्थेने बनवलेला फॅब्री-पेरो वर्णपटमापक जोडला गेला आणि भारतीय व जपानी संशोधकांनी तार्‍यांच्या जन्मस्थानांतील कार्बन आयनाच्या रेषेचे नकाशे तयार केले. दक्षिण आकाशातील आरसीडब्ल्यू १०६ हा विस्तीर्ण मेघसमूह त्यांपैकी एक होय.

उड्डाण संपले की उपकरणे हवाई छत्रीच्या आधाराने खाली येतात. तेलंगण, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमावर्ती भागातील शेतांतही ती उतरतात. त्यांना हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे, असे आवाहन संस्था करते. त्या पेटीत असते ती तीव्रतेची नोंद. तिचे रूपांतर घनता आणि तापमान यांत करायचे, तर कार्बन आयन आणि हायड्रोजन यांच्या टकरींचा वेगगुणांक हाती असावा लागतो. बलून आकाशात कितीही उंच गेले, तरी ही संख्या तेथे मिळत नाही.

थंडीत अभिक्रिया मंदावते का?

शाळेत शिकवले जाते की तापमान वाढले की रासायनिक अभिक्रिया वेगवान होते आणि उतरले की मंदावते. बहुतेक अभिक्रियांच्या वाटेत ऊर्जेचा एक उंबरठा असतो, आणि तो ओलांडण्याएवढी ऊर्जा थंड रेणूंकडे नसते. साधारण उंचीचा उंबरठा असला, तरी १० केल्विनला तो ओलांडण्याची शक्यता शून्यवत होते. हाच नियम सर्वत्र लागू असता, तर थंड मेघांत रसायनशास्त्र जवळपास थांबले असते.

पहिली पळवाट आयनांची आहे. विद्युत्‌भारित आयन जवळ आला की उदासीन रेणूतील भार किंचित सरकतो आणि दोघे एकमेकांकडे ओढले जातात. अशा बहुतेक अभिक्रियांना उंबरठा नसतो, म्हणून त्या १० केल्विनलाही वेगाने होतात. १९७३ मध्ये एरिक हर्ब्स्ट आणि विल्यम क्लेम्पेरर यांनी या तत्त्वावर मेघांच्या रसायनशास्त्राची पहिली सविस्तर मांडणी केली. तिच्या केंद्रस्थानी असलेला तीन हायड्रोजन अणूंचा आयन १९९६ मध्ये थॉमस गेबल आणि ताकेशी ओका यांनी प्रत्यक्ष अवकाशात शोधून काढला.

दुसरी पळवाट अधिक अनपेक्षित होती. उदासीन कणांमधील काही अभिक्रियाही थंडीत वेगवान होतात. १९९४ मध्ये फ्रान्समधील रेन आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी सायनाइड मूलक व ऑक्सिजन यांची अभिक्रिया थेट १३ केल्विनपर्यंत मोजली. तापमान उतरत गेले तसा तिचा वेग वाढत गेला. सावकाश चालणारे दोन रेणू एकमेकांच्या क्षीण ओढीत अधिक काळ राहतात, हे त्याचे कारण.

तिसरी पळवाट पुंजयामिकीची आहे. हायड्रॉक्सिल आणि मेथॅनॉल यांच्या अभिक्रियेत उंबरठा आहे. तरीही २०१३ मध्ये लीड्स विद्यापीठातील संशोधकांना ६३ केल्विनला तिचा वेग २०० केल्विनच्या वेगाच्या जवळजवळ शंभर पट आढळला. थंडीत या दोघांची सैलशी जोडी काही काळ टिकते आणि तेवढ्या अवधीत हायड्रोजनचा अणू उंबरठ्यावरून न जाता त्याच्या आतूनच पार होतो. खोलीच्या तापमानावरील मोजमापांवरून खालचा अंदाज बांधला असता, तर ही अभिक्रिया यादीतून वगळली गेली असती. थंडीतली संख्या थंडीतच मोजावी लागते, ती याच कारणासाठी.

वायू गोठू न देता गार करणे

१३ केल्विनला ऑक्सिजन पात्राच्या भिंतीवर गोठून बसतो. म्हणून भिंतच टाळावी लागते. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की तो प्रसरण पावतो आणि त्याच्या रेणूंची अस्ताव्यस्त धावपळ एका दिशेच्या प्रवाहात बदलते. विशिष्ट आकाराच्या लाव्हाल तोटीतून वायू सोडला, तर ध्वनीहून वेगवान आणि एकसारखा थंड प्रवाह मिळतो व त्यात भिंतीचा स्पर्श न होता अभिक्रिया मोजता येते. फ्रान्समध्ये बर्ट्रांड रोव आणि त्यांच्या सहकार्‍यांनी १९८४ मध्ये ही पद्धत यशस्वी केली. वर सांगितलेले १३ केल्विनचे मोजमाप तिनेच झाले.

आयनांसाठी सापळा वापरतात. धातूच्या अनेक कांड्या वर्तुळाकार उभ्या करून त्यांना वेगाने उलटसुलट होणारा विद्युत्‌दाब दिला की आयन मधल्या पोकळीत अडकून राहतात. थंड हेलियम त्यांना गारवा देतो. मग ठरावीक प्रमाणात दुसरा वायू आत सोडून किती आयन उरले, ते मोजायचे. जर्मन शास्त्रज्ञ डीटर गेर्लिख यांची २२ कांड्यांची रचना या कामासाठी जगभर वापरली जाते.

पाण्याची शिडी

या सापळ्याने सोडवलेला एक प्रश्न पाण्याचा आहे. थंड मेघात ऑक्सिजनचा अणू तीन हायड्रोजनच्या आयनाशी भिडतो आणि हायड्रॉक्सिलचा आयन तयार होतो. त्यावर हायड्रोजनचा रेणू आदळला की पाण्याचा आयन बनतो, आणखी एक आदळला की हायड्रोनियम. शेवटी हायड्रोनियमला इलेक्ट्रॉन भेटतो आणि पाण्याचा रेणू मोकळा होतो. शिडीची एकेक पायरी एकेका टकरीची आहे.

मधल्या दोन पायर्‍यांचे वेग हायडेलबर्ग येथील माक्स प्लांक संस्थेत २१ केल्विनपर्यंत मोजले गेले. तो प्रबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक एस. सुनील कुमार हे तिरुपती येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे, म्हणजे आयसरचे, अध्यापक आहेत. अणुकेंद्रांचे पुंज परिणाम गृहीत धरणार्‍या गणिताशी हे मोजमाप उत्तम जुळले. शीत आयन-सापळ्यांची ही विद्या सुनील कुमार यांच्यासोबत तिरुपतीतही रुजली आहे. दक्षिण भारतात या विषयाचे प्रायोगिक काम पाहू इच्छिणार्‍या विद्यार्थ्याने ती प्रयोगशाळा अवश्य ध्यानात ठेवावी.

हैदराबाद विद्यापीठातील गणित

प्रत्येक टक्कर प्रयोगात पकडता येत नाही. काही मूलके तयार करणे अवघड असते, तर काही परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माणच होत नाही. तेथे पुंजयामिकीचे गणित कामी येते. आधी रेणूतील अणूंच्या प्रत्येक मांडणीची ऊर्जा काढून ऊर्जेचा एक डोंगराळ नकाशा तयार करतात. मग त्यावरून एक तरंगगुच्छ सोडून तो कोठून किती पार झाला आणि किती परतला, ते पाहतात.

१९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रा. सुशांत महापात्र यांच्या गटाने हे तंत्र जोपासले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास हायड्रोजन अणू आणि लिथियम हायड्राइड यांच्या टकरीचा होता. विश्वाच्या बाल्यावस्थेत लिथियम हायड्राइड किती टिकले असेल, हे अशा टकरींवर अवलंबून असते. २०१४ मध्ये फ्रान्समधील सहकार्‍यांसह या गटाने गंधकाचा अणू व हायड्रॉक्सिल यांच्यापासून सल्फर मोनॉक्साइड तयार होण्याची अभिक्रिया अभ्यासली. हा रेणू आंतरतारकीय मेघांत आढळतो आणि त्याच्या निर्मितीचा वेग गंधकाच्या रसायनशास्त्राचा एक दुवा आहे.

पृष्ठभागावरील टकरी

मेघांतील सर्वांत विपुल रेणू म्हणजे हायड्रोजन. मात्र दोन हायड्रोजन अणू वायूत नुसते भेटून तो सहसा बनत नाही, कारण जुळताना निघणारी ऊर्जा टाकून देण्यासाठी त्यांना तिसरा भागीदार लागतो. ती भूमिका धूलिकण बजावतो. त्याच्या पृष्ठभागावर अणू चिकटतात, सरकतात, जोडी जमते आणि रेणू उडून जातो. रेणू पृष्ठभागावर आदळल्यावर चिकटतो की परततो आणि आपली ऊर्जा कोठे देतो, हा म्हणूनच कळीचा प्रश्न ठरतो.

विद्यापीठाच्या शेजारी गोपनपल्ली येथे टाटा संस्थेचे हैदराबाद संकुल आहे. तेथे प्रणव शिरहट्टी यांच्या प्रयोगशाळेत निर्वातात रेणूंचे झोत पृष्ठभागांवर सोडून नेमका हाच प्रश्न तपासला जातो. त्यांचे पीएच.डी.चे काम मुंबईत संजय वाटेगावकर यांच्या गटात, झोतात गार केलेल्या रेणूंवर झाले होते. गोपनपल्लीतील काम मुख्यतः धातू आणि इतर घन पृष्ठभागांवरचे आहे, अवकाशातील धुळीवरचे नाही. पण चिकटण्याचे आणि ऊर्जा देण्याघेण्याचे नियम समजले, तर धूलिकणाचे वर्तनही उलगडू लागते.

समुद्रातील पुरावा

या दूरच्या टकरींचा आपल्याशी संबंध काय, याचे उत्तर समुद्राच्या पाण्यात आहे. त्यातील हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक अणू जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्यूटेरियमचा असतो. सूर्य ज्या वायूतून बनला त्यात हे प्रमाण साधारण ५० हजारांत एक होते. एवढी वाढ कशी झाली, याचे स्पष्टीकरण शीत टकरींत मिळते. तीन हायड्रोजनच्या आयनाला ड्यूटेरियम मिळाले की थोडी ऊर्जा बाहेर पडते. उलट दिशेने जायला तेवढीच ऊर्जा परत मिळवावी लागते आणि १० केल्विनला ती मिळत नाही. त्यामुळे ड्यूटेरियम आयनात अडकत जाते आणि तेथून पाण्यात उतरते. सूर्यमालेतील पाण्याचा काही भाग सूर्याहून जुना, मूळ मेघातील बर्फातून आलेला असावा, असा निष्कर्ष २०१४ मध्ये इल्सेडोर क्लीव्हज आणि सहकार्‍यांनी याच आधारावर मांडला. मिरामारच्या किनार्‍यावर येणार्‍या लाटेतही त्या थंडीची खूण असू शकते.

अपुरे कोष्टक

तीनशेहून अधिक रेणू, प्रत्येकाच्या अनेक ऊर्जापातळ्या, आदळणारे हायड्रोजन, हेलियम व इलेक्ट्रॉन आणि त्यात पुन्हा हायड्रोजन रेणूचे ऑर्थो व पॅरा हे दोन प्रकार. एवढ्या सर्व जोड्यांचे वेगगुणांक उपलब्ध नाहीत. लायडन येथील कोष्टकांसारखे जे संग्रह खगोलशास्त्रज्ञ रोज वापरतात, त्यांत हायड्रोजनच्या आकड्यांच्या जागी पुष्कळदा हेलियमचे आकडे सुमारे १.४ ने गुणून भरलेले असतात. हेलियमचे गणित सोपे असते, म्हणून ही सोय. पाण्यासारख्या ध्रुवीय रेणूंच्या बाबतीत या सोयीने उत्तर काही पटींनी चुकू शकते, आणि मग मेघाची घनता किंवा पाण्याचे प्रमाणही तितकेच चुकते.

दुर्बिणी मोठ्या होत आहेत, त्यांची संवेदनक्षमता वाढत आहे. त्यांच्या नोंदींचा अर्थ लावणार्‍या संख्या मात्र एकेका जोडीगणिक, वर्षानुवर्षे खपून मिळवाव्या लागतात. हे काम प्रसिद्धीचे नाही. भारतात त्याचे काही धागे हैदराबादमध्ये आणि तिरुपतीत आहेत : बलूनांची परंपरा, गणिताची शाळा, झोतांची आणि सापळ्यांची प्रयोगशाळा. हे धागे एकमेकांत जितके गुंफले जातील, तितक्या अधिक संख्या कोष्टकात अंदाजाऐवजी मोजमापाने भरल्या जातील.